न सुटलेली शपथ

कुंतीआक्का कधी खोटं बोलली नाही, असं कुणी सांगितलं तर अजिबात विश्वास ठेवू नका. बोलायची की! मळ्याचा सरदार, म्हणजे मुकादम, पहाटे झोपडीत डोकावून ओरडला, "ही का पडलीय?" की अंगदुखीनं आडव्या झालेल्या बाईवर कांबळं ओढून आक्का छातीठोकपणे सांगायची, "ताप हाय. हात लावून बघ, तुलाबी यील." सरदार दोन पावलं मागं सरायचा. बाईला दिवसभर निजायला मिळायचं. असं खोटं आक्का रोज बोलली असती तरी तिला त्याचं काही वाटलं नसतं.

पण शपथ घातली, की ही बाई निराळीच होऊन जायची.

दूर समुद्रापारच्या बेटावर, शमें ग्रेनिए गावाच्या अलीकडच्या एका उसाच्या मळ्यावर आपल्या माणसांची एक टोळी होती. सगळे सातारा-कऱ्हाडकडचे, सगळे एकाच बोटीनं मुंबईहून आलेले. कुंतीआक्का त्यांतलीच. नवरा बोटीवरच तापानं गेला. उरला एक धाकटा भाऊ, लक्ष्मण, आणि कमरेच्या पिशवीत एक पुरचुंडी. त्या पुरचुंडीत पालीच्या खंडोबाचा भंडार होता. हळदच ती, पण देवाच्या पायावरची. इथं ना पाल, ना जेजुरी, ना भंडारासोबत उचलायला बेलाचं पान. तेवढी चिमूटभर पिवळी पूड म्हणजे या बेटावर त्या सगळ्यांचा देव होता. म्हणून दोन माणसांत वचन व्हायचं असलं, की आक्काच्या दारात यायचं. ती तळहातावर भंडार ठेवायची, शब्द म्हणून घ्यायची आणि कपाळाला लावायची.

आणि एक गोष्ट ध्यानात ठेवा. आपल्याकडं पोरंटोरंसुद्धा एकमेकांना गळ्याची शपथ घालतात आणि मग मागं लागतात, "सुटली म्हण, सुटली म्हण!" ज्यानं घातली त्यानंच सोडायची. दुसऱ्या कुणाला तो हक्क नाही. आक्काच्या भंडाराचंही तसंच होतं. तिनं तीनदा "सुटली" म्हटल्याशिवाय माणूस बांधलेला तो बांधलेलाच.

तिला हे इतकं का लागायचं, त्यालाही कारण होतं. तिचा बाप गावाकडं एका किल्ल्यावर पहाऱ्याला होता. राज्य गेलं तेव्हा कुणीतरी आतून दार उघडलं, आणि नाव आलं याच्यावर. उघडलं दुसऱ्यानंच, पण गावानं म्हाताऱ्याला 'फितूर' ठरवलं ते ठरवलं. त्यांची चूल पेटवायला कुणी विस्तव देईना. लबाड म्हणा, चोर म्हणा, आक्का हसून सोडून द्यायची. 'फितूर' हा शब्द मात्र तिच्यासमोर कुणी उच्चारायचा नाही. तो ऐकत ऐकत तिचा बाप मेला होता.

तर अठराशे चौपन्न सालची गोष्ट. ऊसतोडणी जोरात होती. दुपारचं ऊन, पाती अंगाला कापतायत, आणि टोळीतला सगळ्यांत वडील माणूस, तुलसीराम, तापानं फणफणून सरीतच बसला. गोरा देखरेख्या, त्याला तिथं कोलोम म्हणत, घोड्यावरून उतरला. उठ म्हणाला. तुलसीराम उठेना. मग कोलोमनं छडी चालवली. एक, दोन, पाच. सगळे कोयते थांबले. कुणी पुढं होईना. आणि मागून लक्ष्मणनं तोडलेला जाडजूड ऊस उचलला आणि कोलोमच्या खांद्यावर असा घातला की हाड मोडल्याचा आवाज सगळ्यांनी ऐकला. कोलोम तोंडावर पडला. कुणी मारलं ते त्यानं पाहिलंच नाही.

आता पुढचं ऐका, म्हणजे आपल्या नशिबाची गंमत कळेल. शेजारच्या सरीत बिहारी माणसं तोडत होती. त्यांतला नंदलाल म्हणून एक भला माणूस धावत आला. रक्त बघितलं, वाटेतला ऊस उचलून बाजूला केला, आणि कोलोमला पाणी पाजायला वाकला. तेवढ्यात सरदार पोचला. त्याला काय दिसलं? पडलेला कोलोम आणि हातात ऊस घेतलेला नंदलाल. झालं! नंदलालच्या मुसक्या बांधल्या आणि सुयाक गावच्या पोलीस कोठडीत नेऊन टाकलं.

लक्ष्मण तिथंच पुढं व्हायला निघाला होता. तुलसीरामनं तापल्या हातानं त्याचं धोतर धरून ठेवलं.

दिवेलागणीला चौदाच्या चौदा गडी आक्काच्या दारात. लक्ष्मण एकसारखा म्हणत होता, "आक्का, मी जाऊन सांगतो. मीच मारला, माझ्यामुळं त्यो बिचारा..."

"गप बस," आक्का म्हणाली.

पुरचुंडी सोडली. एकेकाला समोर बसवलं. चौदा तळहातांवर चौदा चिमटी. आणि शब्द असे घातले की कुठं फट म्हणून राहू नये: "आपल्यातल्या कुनाचं नाव माझ्या तोंडातनं जानार न्हाई. दुसऱ्याचं न्हाई आनि माझं मलाबी घ्यायचं न्हाई." ते शेवटचं कुणासाठी होतं हे सगळ्यांना कळलं. लक्ष्मणनं हात मागं घेतला. आक्कानं तो ओढून धरला. आईबाप नाहीत, नवरा नाही, पोरबाळ नाही. सगळ्या जगात तिला हा एकच होता. लक्ष्मणनं तिच्या तोंडाकडं पाहिलं आणि खाली मान घालून शब्द म्हटले.

त्या दिवशी आक्काला आपला अभिमानच वाटला, खोटं कशाला सांगू? तिला वाटलं, बघा, चौदा जण, एकही फुटणार नाही. बापाच्या माथ्यावरचा डाग आज मी धुतला. दुसऱ्या दिवशी बायका नदीवर धुणं आपटताना म्हणाल्या, "इमान म्हनावं तर हे." आक्कानं ते ऐकलं आणि लुगडं जरा जास्तच जोरात पिळलं.

पण नंदलालचं काय? त्याचं तिथं आपलं असं कुणी नव्हतं. रविवारी सुट्टीच्या दिवशी आक्कानं चार भाकऱ्या आणि मिरचीचा ठेचा फडक्यात बांधला आणि सुयाकला चालत गेली. का गेली? तिचं तिलाच सांगता आलं नसतं. म्हणाली, माणूस उपाशी असेल. बरं, असेल. पण तेवढ्यासाठी कुणी उन्हात दोन तास चालत नाही.

नंदलालनं गजांतून भाकरी घेतली. त्याची बोली वेगळी, हिची वेगळी; पण पाच-सहा वर्षं एकाच मळ्यावर राबून दोघांना एकमेकांचं बोलणं समजायला लागलं होतं. तो निवांत जेवला. पाणी प्याला. मग हळूच म्हणाला, "बहीन, लक्ष्मणला सांग, घाबरू नको."

आक्का गजांकडं सरकली. "लक्ष्मणचं काय?"

"मी बघितलं ना. मी येतच होतो पळत. म्हाताऱ्याला मारत होता, म्हणून त्यानं मारलं. मी असतो तर मीही मारलं असतं. पोलिसानं चारदा विचारलं. मी म्हटलं, मी नाही मारलं. कुणी मारलं ते माझ्याकडून मिळणार नाही."

"का?" आक्कानं विचारलं. "तुला कुनी शपत घातलीया?"

"शपथ कशाला?" नंदलाल हसला. "सांगितलं तर ती चुगली होईल."

आक्काला तोंडात मारल्यासारखं झालं. परत येताना डाव्या हाताला समुद्र गर्जत होता, तिला तो ऐकूसुद्धा आला नाही. चौदा माणसांना तिनं देवाच्या नावानं बांधलं तेव्हा कुठं ती माणसं गप्प राहिली. आणि हा परक्या मुलखाचा माणूस, ना भंडार ना देव, आपण होऊन गप्प राहिला, तेही स्वतः गजाआड बसून. मग इमानी कोण? आम्ही? आमची गुपचिळी म्हणजे इमान, आणि तिच्या पायी दुसऱ्याला तुरुंग? बापाच्या वेळीही असंच नव्हतं का झालं? ज्यानं दार उघडलं तो गप्प बसला. त्याला माहीत असणारेही गप्प बसले. आपापल्या माणसाशी ते इमानच राखत होते की! आणि म्हातारा फुकट मेला. वाटेत एका दगडावर बसून आक्का मोठ्यानं रडली. नंदलालच्या रूपानं तिनं आपल्याच बापाला त्या कोठडीत घातलं होतं.

सोमवारी कोर्ट. साक्षीला सगळ्या टोळीला बोलावलं होतं. सरदारानं आदल्या दिवशीच झोपड्यांतून फिरून बजावलं होतं, "नंदलालचं नाव घ्या आणि मोकळे व्हा. नाहीतर साहेबाशी नमकहरामी केलीत असं धरलं जाईल." कोर्टाच्या व्हरांड्यात चौदा जण ओळीनं उकिडवे बसले होते. आत टेबलावर तांब्याचा गडू तीर्थ म्हणून भरून ठेवला होता. हिंदू माणसानं त्यावर हात ठेवून खरं सांगायचं, असा तिथला रिवाज.

तुलसीरामचा ताप उतरला होता आणि जीभ परत आली होती. तो आत डोकावून आला. "कसली शपत आन कसलं काय! मागच्या पिंपातलं पानी हाय. मी बघितलं शिपायाला भरताना. त्याच्यावर हात ठिवून काय वाट्टेल ते बोला, कायबी हुनार न्हाई. 'आमी बघितलं न्हाई' म्हनायचं आन मोकळं व्हायचं."

सगळ्यांना ते पटलं. आपल्या माणसांची ही समजूतच होती: कोर्टातली शपथ म्हणजे शपथच नव्हे. तिथं बोललेलं खोटं अंगाला लागत नाही.

"लागतं," आक्का म्हणाली. सगळे वळले. "त्या पान्याला न्हाई लागत, तुमाला लागतं. मी तुमाला काय शपत घातली? नाव घ्यायचं न्हाई. खोटं बोला असं म्हटलं हुतं मी? म्हटलं हुतं का, तुलसीरामदादा?"

"न्हाई," तुलसीराम म्हणाला. "पर नाव बी सांगायचं न्हाई आन खोटं बी बोलायचं न्हाई, तर बोलायचं काय?"

"बघितलं म्हना. सांगत न्हाई म्हना."

"आत टाकत्याल!"

"टाकू देत. त्यो कवापसून बसलाय आत."

तुलसीरामनं पागोटं काढून मांडीवर ठेवलं आणि सरळच विचारलं, "त्यापरीस आमची सोड की आक्का. सुटली म्हन. आमच्यातला एकजण जाऊन खरं काय ते सांगतो. नंदलाल बी सुटंल."

व्हरांड्याच्या टोकाला लक्ष्मण बसला होता. गेले आठ दिवस तो कुणाशी धड बोलला नव्हता, की अन्नाला धड शिवला नव्हता. ती त्याच्याकडं न बघताच तुलसीरामला म्हणाली, "न्हाई सोडत तुमची. तुमी सांगितलं तर गोष्ट खरीच हुईल, पर तुमी फितूर व्हाल. ज्यानं तुमच्यासाठी हात उचलला त्याला तुमी धरून द्यायचं? मी तुमाला तसलं काम करू देनार न्हाई."

मग ती उठली आणि लक्ष्मणसमोर जाऊन उभी राहिली.

"लक्षा, तुजी सुटली."

लक्ष्मणनं मान वर केली.

"सुटली. सुटली." तीनदा म्हणून झालं. "तू काय बोलावंस ते मी सांगनार न्हाई. तुला बांधलं ही माजी चूक. माझ्यासाठी बांधलं, तुझ्यासाठी न्हवं. आता तू आन तुजं तोंड." आणि ती वळली ती थेट खिडकीपाशी जाऊन उभी राहिली. भावाचं तोंड तिला बघवेना.

आत पुकारा झाला. पहिला तुलसीराम गेला. गडूवर हात ठेवला. मॅजिस्ट्रेटनं दुभाष्यामार्फत विचारलं, "तू पाहिलंस का?"

"पाहिलं."

"कुणी मारलं?"

"ते सांगत न्हाई."

दुभाष्याला वाटलं आपण चुकलो. त्यानं पुन्हा विचारलं. पुन्हा तेच. मॅजिस्ट्रेट भडकला, म्हणाला, कोठडीत टाकीन. तुलसीरामनं दोन्ही मनगटं पुढं केली. तापातून उठलेला हाडकुळा म्हातारा, पण काय उभा होता म्हणून सांगू! दुसरा आला, तेच. तिसरा आला, तेच. मळ्याचा साहेब खुर्चीत चुळबुळ करू लागला. सरदार भिंतीकडं बघत राहिला. खोटं बोलणारे साक्षीदार त्या खोलीनं खंडीभर पाहिले होते. 'मला ठाऊक आहे, आणि मी सांगणार नाही' असं तोंडावर सांगणारे बहुतेक पहिलेच.

चौथ्याचा पुकारा व्हायच्या आधीच लक्ष्मण आत शिरला. गडूकडं त्यानं पाहिलंसुद्धा नाही.

"यांना नका छळू," तो म्हणाला. "मी मारलं. लक्ष्मण माजं नाव. त्या बिहारी मानसानं फक्त पानी पाजलं. मी मारलं, आन का मारलं तेबी लिवा. तापलेल्या म्हाताऱ्यावर छडी वढत हुता. ते लिवल्याबिगर मी इथनं हलनार न्हाई."

लिहिलं गेलं. दुभाष्यानं सांगितलं, मॅजिस्ट्रेटनं मान हलवली, कारकुनाची लेखणी चालली. लक्ष्मणला सहा महिने खडी फोडायची शिक्षा झाली. नंदलालच्या हातातल्या बेड्या तिथंच काढल्या.

नेताना लक्ष्मण व्हरांड्यात थांबला. गेल्या आठ दिवसांत पहिल्यांदा त्याचा चेहरा मोकळा होता. "आक्का," तो म्हणाला, "भूक लागलीया." शिपाईसुद्धा हसला. तिच्याकडं फडक्यात भाकर होतीच. तिनं ती बेड्यांतल्या हातात दिली, आणि तो चालता चालता खात गेला. आक्का रडली, भरपूर रडली. पण मान खाली घातली नाही. परत येताना रस्त्यावर टोळीच्या पुढं ती चालत होती, मागं तेरा गडी आणि नंदलाल. मळ्याच्या फाटकाशी सरदार म्हणाला, "भावाला तुरुंगात घालून आलीस!" आक्का म्हणाली, "व्हय. माझा भाऊ हाय त्यो. तुजा आसता तर पळाला आसता."

सहा महिने लक्ष्मणच्या वाटणीची तोडणी तेरा जणांनी वाटून घेतली, आणि चौदावा वाटा नंदलालनं, कुणी न सांगता.

लक्ष्मण सुटून आला त्या दिवशी आक्काच्या दारात पुन्हा गर्दी. हाताला घट्टे, अंगानं रोडावलेला, पण हसरा. जेवणं झाली. मग नंदलाल पुढं आला आणि आक्कासमोर मांडी घालून बसला. तळहात पुढं केला. "बहीन, मलापण घाल. यांच्यात."

आक्कानं पुरचुंडी सोडली. फडकं उलटं केलं, झटकलं, शिवणीत नखानं उकरलं. एकच चिमूट निघाली.

"आन माजी?" लक्ष्मण म्हणाला. "माजी सोडली हुतीस. परत घाल की. मी एकटाच मोकळा ऱ्हायलो."

एक चिमूट आणि दोन तळहात. सगळे बघत होते. आक्कानं ती चिमूट नंदलालच्या हातावर ठेवली, शब्द म्हणून घेतले, कपाळाला लावली. मग रिकामं फडकं लक्ष्मणच्या खांद्यावर टाकलं.

"तुला नगं," ती म्हणाली. "तुला बांधायची गरज न्हाई. मला ठाव हाय."

ते फडकं लक्ष्मणनं जन्मभर जपलं.

पुढं बारा वर्षांनी आक्का गेली. शेवटचे दोन दिवस झोपडीबाहेर माणसांचा मेळा होता. तुलसीराम तर कधीच गेला होता, आणखी दोघे गेले होते, पण बाकीचे सगळे आले. एकजण तर लांबच्या प्लेन मान्येन गावाहून चालत आला. आपल्यात असं मानतात, की मरणाऱ्या माणसानं घातलेल्या शपथा सोडून जावं, नाहीतर मागच्यांच्या गळ्यात त्या कायमच्या राहतात. मग सोडवायला कुणी उरत नाही. म्हणून लक्ष्मण उशाशी वाकून म्हणाला, "आक्का, गडी आल्यात. सुटली म्हन."

आक्कानं डोळे उघडले. दारात उभ्या असलेल्या एकेकाकडं नीट बघून घेतलं. शेवटी नंदलालकडं.

"सोडू?" तिनं विचारलं. "कुनाला पायजे त्यानं मागावी."

बाहेर वाऱ्यानं उसाची पाती सळसळत होती. आक्का वाट बघत राहिली. कुणीही सुटका मागितली नाही.